शरभाचा चेहरा

देवधरबाईंनी माझ्या टेबलावरची शाईची बाटली बाजूला सरकवली, तिथे आपले कागद ठेवले आणि म्हणाल्या, "काळे, शरभ किल्लेदाराचा मुलगा नाही."

मी ब्रश धूत होतो. नव्या भागात काही गुपित उलगडणार असेल, एवढंच मला वाटलं. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि वाचू लागल्या. दुसरं पान संपेपर्यंत मी तोच ब्रश तिसऱ्यांदा धूत होतो.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मांडवखेडच्या मुनोतशेठच्या छापखान्यात 'भोवरा' नावाचं मुलांचं मासिक निघायचं. त्यातली शरभाची चित्रकथा अकरा वर्षं चालू होती. गोरापान, सरळ नाकाचा, घाऱ्या डोळ्यांचा शरभ तटावरून उड्या मारत यायचा आणि दरोडेखोरांच्या मुसक्या बांधायचा. गोष्ट देवधरबाई लिहायच्या. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, सरळ बोलणाऱ्या बाई. चित्रं आधी एक वयस्क चित्रकार काढायचे. त्यांची नजर अधू झाल्यावर चार वर्षं ते काम माझ्याकडे होतं. मी त्यांच्या जुन्या चौकटी समोर ठेवून तसाच शरभ काढायचो आणि तसेच दरोडेखोर. काळे, पिंजारलेल्या केसांचे, डोक्याला फडकं, कमरेला सुरा. हात इतका सरावला होता की दरोडेखोर काढताना मला कागदाकडे नीट बघावंही लागत नसे.

बाईंनी सगळी गोष्ट उलटी केली होती. किल्लेदाराला शरभ सापडला तो शिकाऱ्यांच्या पालावर. शिपायांनी पालं जाळली तेव्हा मागे राहिलेलं तान्हं मूल. ते त्याने वाढवलं आणि कुणाला सांगितलं नाही. आता मोठेपणी शरभाला ते कळतं, आणि हेही कळतं की इतकी वर्षं ज्यांना आपण पकडून देत होतो ते आपलेच मामा, काका, भाऊ होते.

शेठ दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, मुलं बिचकतील. अकरा वर्षं गोरा असलेला माणूस एकदम काळा कसा होईल?

"तो गोरा आहे असं मी कधीच लिहिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही रंगवलात."

मग त्यांनी कारण सांगितलं. निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या वर्गात एक पारध्याची मुलगी होती. तिने एकदा 'भोवरा' हातात घेऊन विचारलं होतं की बाई, यातले सगळे चोर माझ्या मामासारखे का दिसतात? बाईंना उत्तर देता आलं नाही. पुढच्या सोमवारपासून मुलगी शाळेत आली नाही. शेठ शेवटी म्हणाले, एक अंक करून बघू.

त्या खोलीत आणखी एका माणसाला उत्तर देता आलं नसतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी फासेपारधी. मांडवखेडच्याच गायरानावरच्या पालात जन्मलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरने आईला वाचवलं म्हणून माझं नाव डागदऱ्या ठेवलं होतं. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी ते दिगंबर करून टाकलं. आडनाव काळे. ते सगळ्या जातींत असतं. कुणी विचारलंच, कुठले काळे, तर मी बार्शीकडचे म्हणायचो आणि विषय तिथेच संपायचा. भाड्याची खोली होती, चष्मा होता, केसांना तेल होतं. खोलीच्या मालकीणबाई सणाला पुरणपोळीचं ताट पाठवायच्या. हे सगळं किती पातळ कापडावर उभं आहे ते मला रोज सकाळी दाढी करताना आठवायचं.

बाईंना वाटत होतं की नवा शरभ मनाने काढू नये. पालावर जाऊन, बघून काढावा. मी टाळायला लागलो. माणसं परक्यांना जवळ येऊ देत नाहीत म्हटलं, कुत्री अंगावर येतात म्हटलं. एकदा तर ताप आल्याचं सांगून दोन दिवस घरी राहिलो. बाई घरी औषध घेऊन आल्या. बुधवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांच्यामागून गायरानाच्या वाटेने चालत होतो, चित्रवही छातीशी धरून. कोण ओळखेल, कोण हाक मारेल, एवढंच डोक्यात होतं. आई गेली होती, पण म्हाताऱ्या बायका होत्या, पोरं होती. आणि तुळश्या होता.

तुळश्या माझा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी मला छापखान्यात नोकरी लागली त्या दिवशी त्याने मला वेशीबाहेर बोलावून सांगितलं होतं, आता इकडं येऊ नको. बाजारात समोर आलो तरी बघू नको. मला तेव्हा ते लागलं होतं. मला वाटलं, शिकलेला भाऊ त्याला परका वाटायला लागला. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं होतं, आणि तेच जास्त खुपत होतं.

पालं पाचच होती, गोणपाटाची आणि जुन्या लुगड्यांची. तुळश्या उन्हात बसून तितर धरायचे फासे नीट करत होता. त्याने मान वर केली. बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही.

"या बाई," तो म्हणाला. मला म्हणाला, "बसा, साहेब."

माझी भावजय रंगी पुढे आली, तिने पोतं झटकून अंथरलं आणि पदर पुढे ओढून मागे सरकली. म्हाताऱ्या बायकांपैकी एक माझ्याकडे टक लावून बघत होती. रंगी तिला काहीतरी पुटपुटली आणि ती पालात निघून गेली. पोरं जवळ आली नाहीत. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की कुणीही मला ओळख देणार नाही. त्यांनी ते आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

बाईंनी त्याला विचारलं, तुमचं चित्र काढलं तर चालेल का? तुळश्याने कशाला म्हणून विचारलं. बाईंनी शरभाची गोष्ट थोडक्यात सांगितली. तो ऐकत राहिला, मग त्याला हसू आलं.

"आमचा माणूस चोर धरणार? मग पोलीस काय करणार?"

"गोष्ट आहे हो," बाई म्हणाल्या.

"काढा," तो म्हणाला आणि माझ्याकडे तोंड करून बसला.

पाऊण तास मी त्याला काढत होतो. इतक्या जवळून त्याला बघून किती दिवस झाले होते. डाव्या भुवईवर काठीचा व्रण होता. बापाला पोलीस ओढून नेत होते तेव्हा हा मध्ये पडला होता, चौदा वर्षांचा असताना. बापाला तेव्हा नऊ दिवस ठेवलं होतं. कुठल्या चोरीसाठी ते आम्हाला कधीच कळलं नाही. परत आला तो दोन माणसांच्या खांद्यांवर, आणि महिना पुरा व्हायच्या आत गेला. तेव्हापासून आमच्याकडे कुणाची भीती घालायची तर भुताखेताची गरज पडत नसे. जीपचा आवाज पुरायचा. हे सगळं त्या भुवईवर होतं. मी व्रण वगळू शकलो असतो. पण पेन्सिल तिथे आली तेव्हा तुळश्याने डोळे मिटून घेतले नाहीत, उलट माझ्याकडे सरळ बघितलं. मी तो काढला.

अंक पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी निघाला. मुखपृष्ठावर शरभ होता, काळासावळा, रुंद नाकाचा, भुवईवर व्रण असलेला. आत बाईंनी अभिमानाने चार ओळी लिहिल्या होत्या की या अंकातली चित्रं आमच्या चित्रकारांनी मांडवखेडच्या पालावर जाऊन, प्रत्यक्ष बघून काढली आहेत. तीन-चार दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. एकाने निरोप दिला की शरभाला भिकारी केलंत. माझं मात्र त्याकडे लक्ष नव्हतं. स्टँडवरच्या दुकानात दोरीला ओळीने अंक टांगले होते आणि भाऊ एकाच वेळी दहा ठिकाणांहून माझ्याकडे बघत होता. मी त्या रस्त्याने जायचं बंद केलं.

गुरुवारी सकाळी बातमी आली. गावातल्या एका वकिलांच्या घरात चोरी झाली होती आणि त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या डोक्यात कुणीतरी घाव घातला होता. म्हातारे दवाखान्यात होते, बेशुद्ध. मोलकरणीने एक माणूस मागच्या भिंतीवरून उडी टाकताना पाहिला होता. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी हे सांगत होता आणि शेवटी सहज म्हणाला, पालावर पोलीस गेले होते, सगळे पुरुष पळालेत.

पळणार नाहीत तर काय करतील. गावात कुठेही चोरी झाली की आमचे पुरुष आधी पळतात, मग चौकशी करतात.

मी आत गेलो. बांधणीच्या खोलीत खळ शिजवायची शेगडी पेटलेली होती. चित्रवहीतून तुळश्याचं पान फाडलं आणि शेगडीत घातलं. कागद जाड होता, लवकर पेटेना. त्याचा चेहरा कडांनी आत वळत गेला. मी चिमट्याने राख मोडली आणि टेबलाशी येऊन बसलो. समोरचे ब्रश पुसायला घेतले.

अकराच्या सुमारास जीप आली.

फौजदार नवा होता, चारच महिन्यांपूर्वी बदलून आलेला. त्याच्या हातात गुंडाळलेला 'भोवरा' होता. शेठ उभे राहिले. बाई पुढच्या अंकाचे कागद घेऊन आल्या होत्या, त्या बसूनच राहिल्या. फौजदाराने मुखपृष्ठ टेबलावर पसरलं आणि शांतपणे सांगितलं की ठाण्याच्या संशयितांच्या वहीत तुळश्या रेवजी काळे असं एक नाव आहे, जुनं. तो पळालाय. ठाण्यात त्याला तोंडाने ओळखणारा आता कुणी उरलेला नाही. आणि तुम्ही छापलंय की चित्रं पालावर बघून काढली.

"हा माणूस कोण?" त्याने शरभाच्या कपाळावर बोट ठेवलं. "नाव सांगा. याच चित्राच्या प्रती काढून प्रत्येक स्टँडवर लावतो. दोन दिवसांत सापडेल."

बाईंनी तुळश्याचं नाव विचारलं होतं. आपल्या वहीत टिपूनही घेतलं होतं, मी पाहिलं होतं. बाई खोटं बोलत नसत. सगळ्या गावाला ते माहीत होतं, शाळेत मुलं त्यांच्या नावाच्या शपथा घेत. त्यांनी चष्मा नाकावर नीट केला, तोंड उघडलं, आणि मला कळलं की आता ते नाव बाहेर येणार. भीती इतकी होती की मला माझाच आवाज लांबून ऐकू आला.

"माझा चेहरा आहे तो. आरशात बघून काढलाय."

फौजदार हसला. "तू काय मॉडेल आहेस?"

"पालावर गेलो होतो. झोपड्या, माणसं लांबून काढली. कुणी समोर बसायला तयार नव्हतं. तोंड माझं घेतलं."

"आणि तू पारध्यासारखा कसा दिसतोस रे?"

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय मला समोरची माणसं धूसर दिसतात, आणि त्या वेळी तेच बरं वाटलं.

"मी पारधीच आहे. इथल्याच पालावरचा. रेवजी काळेचा धाकटा मुलगा."

शेठ भिंतीला टेकले. फौजदाराने अंक उचलून माझ्या गालाशी धरला. चित्राकडे, माझ्याकडे, पुन्हा चित्राकडे. आम्ही दोघे भाऊ, एकाच आईची हनुवटी, एकच नाक. मग त्याचं बोट भुवईवर आलं.

"ही खूण? तुला तर नाही."

याचा मी विचारच केला नव्हता. सगळं तिथेच संपलं असं वाटलं.

"ती मी घालायला सांगितली," बाई म्हणाल्या. "माझ्या गोष्टीत आहे. शरभाला लहानपणी भाला लागतो. हवं तर हस्तलिखित दाखवते."

हस्तलिखितात असलं काही नव्हतं. मला ते पाठ होतं. बाईंनी हातातले कागद फौजदारापुढे धरले, हात जरासुद्धा हलला नाही. त्याने ते घेतले नाहीत. त्याला आता वेगळंच काही मिळालं होतं.

"म्हणजे तुळश्या तुझा भाऊ," तो म्हणाला. "चल."

त्या दोन दिवसांबद्दल मी फारसं सांगत नाही. भाऊ कुठे आहे हे विचारत होते आणि मला ते खरोखरच माहीत नव्हतं. मारण्यापेक्षा मारायच्या आधीचा वेळ वाईट असतो. बाहेर बूट वाजायचे, जवळ यायचे आणि कधीकधी नुसतेच पुढे निघून जायचे. अशा वेळी मला बाप आठवायचा नाही, आश्चर्य म्हणजे मला ती जुनी चौकट आठवायची, मी चार वर्षं काढलेली, मुसक्या बांधलेल्या माणसाची. त्याचं तोंड मी नेहमी उघडं काढायचो, ओरडताना. खरं म्हणजे माणूस ओरडत नाही. श्वास धरून ठेवतो.

वकिलांच्या मोलकरणीला माझ्यासमोर आणलं. तिने बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की मी पाठ पाहिली होती, तोंड नव्हे, आणि हा तर त्या मानाने फारच किडकिडीत आहे. फौजदार तिच्यावर खेकसला तरी ती बदलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकिलांच्याच गाडीवर पूर्वी असलेला ड्रायव्हर शेजारच्या गावात सापडला, चोरीच्या मालासकट. मला सोडलं. सोडताना एका हवालदाराने मोठी वही उघडून माझं नाव, बापाचं नाव, उंची, रंग, खुणा असं सगळं लिहून घेतलं. मी विचारलं, आता कशाला? तो म्हणाला, आता तू आहेस ना इथला.

बाहेर पायरीवर देवधरबाई बसल्या होत्या. शिपायाने नंतर सांगितलं की दोन्ही दिवस ठाणं उघडल्यापासून त्या तिथेच होत्या. मला चालता येत नव्हतं. त्यांनी मला रिक्षात बसवलं आणि स्वतःच्या घरी नेलं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "त्या चार ओळी मी छापायला नको होत्या." त्या खऱ्याच तर होत्या.

भाड्याच्या खोलीबाहेर माझी ट्रंक ठेवलेली होती. शेठ मात्र कामावर ये म्हणाले, आणि त्यांनी नवा शरभ आणखी सात अंक चालू ठेवला. मुलांची पत्रं यायची, निम्मी शिव्यांची. एक पत्र आश्रमशाळेतून आलं होतं, चाळीस सह्यांचं, त्यात फक्त एवढंच विचारलं होतं की शरभाची आई जिवंत आहे का. पुढच्या वर्षी 'भोवरा' बंद पडला.

तुळश्या मला आठ महिन्यांनी सापडला, दुसऱ्या जिल्ह्यात, एका साखर कारखान्यामागच्या माळावर. मी दुपारी पोचलो. मला वाटलं होतं तो मिठी मारेल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हातातलं काम खाली टाकलं.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" आमच्या बोलीत तो म्हणाला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "मला धरलं असतं तर काय झालं असतं? माझं नाव होतंच वहीत. बापाचं होतं. आज्याचं होतं. एक तुझं नव्हतं."

मी पिशवी खाली ठेवली.

"म्हणून तर तुला इकडं येऊ नको म्हणत होतो," तो म्हणाला. "आपल्यातला एक तरी बाहेर राहावा. आपलं माणूस रस्त्यानं चालतंय आणि कुणी अडवत नाही, एवढं मी लांबून बघायचो बाजारात. तेवढंच होतं माझं."

इतकी वर्षं मी ज्याला राग समजत होतो ते काय होतं हे मला त्या माळावर कळलं. आता ते गेलं होतं, आणि ते मीच घालवलं होतं, त्याच्यासाठी.

रंगीने भाकरी केली. आम्ही जेवलो. तो काही वेळाने निवळला, माझे तळपाय हातात घेऊन बघितले, अंगठ्याने दाबून कुठे दुखतं ते विचारलं. दिवस मावळायच्या आत मी निघालो तर तोही उठला. मी म्हटलं, मी जाईन एकटा. तो म्हणाला, वहीत नाव लागलेल्या माणसाने एकट्याने चालायचं नसतं, दोघं असले तर एक जण घरी सांगायला तरी जातो.

कारखान्यापासून स्टँडपर्यंत तीन मैल डांबरी रस्ता होता. लहानपणानंतर आम्ही पहिल्यांदाच असे बरोबरीने चालत होतो, भर उजेडात, लोकांसमोर. तो मला उसाच्या फडातल्या सशांबद्दल सांगत होता आणि मी हसत होतो. मागून गाडीचा आवाज आला. बोलणं तुटलं आणि आमच्या दोघांच्या माना एकाच वेळी वळल्या.

दुधाची गाडी होती.